उरलेले पन्नास पैसे

सर्जेकोटच्या सोसायटीत मी छत्तीस वर्षं हिशेब लिहिला.
डिझेल, बर्फाच्या लाद्या, इंजिनांचे हप्ते,
आणि रापणीचे वाटे:
दोरीला हात लावला त्याचा एक,
होडीचे दोन, जाळ्यांचे वेगळे,
आणि अर्धा त्या बाईचा
जिचा घो नारळीपौर्णिमेनंतर गेला तो आलाच नाही.
हा अर्धा कुठल्या नियमात बसतो,
कुणी कधी विचारलं नाही.

विचारलं ते जयवंतीने.
कुबलांची. नववीतली. अर्धा वाटा तिच्याच आईचा.
मनगटापर्यंत खवले, टोपली उंबऱ्याशी ठेवून म्हणाली,
"काकानू, अर्ध्याचो अर्धो झालो तर तो कोणाक जाता?"
मी म्हटलं, शाळेची वेळ झाली, जा.

ती गेली ती रत्नागिरी, मग पुणे.
सत्त्याऐंशी साली एसटीने आली,
मांडीवर गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर,
कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं होतं.
वीज असेल तेवढा वेळ ती टकटकत बसायची.
रात्री वल्ह्याखाली पाणी पेटतं ना,
तसली हिरवी अक्षरं.
चेअरमन म्हणाले, आता कारकून कशाला?
तिने ऐकलं. मीही.

मी माझी वही चालूच ठेवली, बिनपगारी हट्टाने.
तिसऱ्या महिन्यात फरक निघाला. एक रुपया.
खोटं कशाला बोलू,
त्या रात्री मला फार सुखाची झोप लागली.

दोन दिवस ती जेवली नाही.
मग सापडलं: यंत्र पैसे मोजतच नव्हतं,
रुपयाखालचं सगळं सोडून देत होतं,
आईच्या वाट्यावरचे पन्नास पैसेसुद्धा.
तिने एक अस्सल मालवणी शिवी हासडली,
यंत्राला की स्वतःला, कळलं नाही.
उरलेले पन्नास पैसे काही मिळेनात.
काकांच्या अक्षराची चूक, म्हणाली, आणि मिटवलं.

पुढचं मी पेपरातच वाचलं.
साखर कारखाने, पतपेढ्या, मग जपानातली कुठलीशी गोदी.
फोटोत साडी बदलायची, चमकी तीच.
कंपनी विकली तेव्हाचा आकडा
वहीत लिहून बघितला,
रकाना ओलांडून समासात गेला.
त्यातले वाटे तिने ड्रायव्हरला दिले,
चहावालीला, रात्रीच्या पहारेकऱ्यांना.
शहरात म्हणे मोठी चर्चा झाली.
आमच्याकडे कुणी मान वर केली नाही.
दोरीला हात लावला होता त्यांनी.

मालवणात डायलिसिसची सहा यंत्रं आली,
खाडीपलीकडे मुलींचं वसतिगृह,
समुद्राने नेलेल्यांच्या घरी महिन्याच्या महिन्याला पैसे.
शीतगृहही बांधलं. ते मात्र बंद आहे.
पाटीवर कुणाचं नाव यावरून दोन वाड्यांचं बोलणं तुटलं,
आत आता शेळ्या बसतात.
"आधी बांधलंय आणि मगे इचारलंय," ती म्हणाली,
"उलटा झाला ता."

गेल्या पौषात आली, केस पांढरे.
पालथ्या होडीवर बसली आणि म्हणाली, जुनी वही दाखवा.
वाळवीने कडा खाल्लेल्या,
पण आकडे शाबूत.
चष्मा वर करून ती बोट फिरवत गेली,
एकेका महिन्याच्या अर्ध्या वाट्यावर.
साडेसात, तिथे आठ.
साडेअकरा, तिथे बारा.
बोट थांबलं.
पुन्हा मागच्या पानावर गेलं,
त्याच्याही मागच्या.

"काकानू, ह्ये पन्नास पैशे कोणाचे?"

भरतीचं पाणी होडीच्या नाळेला लागलं होतं.
"म्हातारो झालंय गो," मी म्हटलं,
"आठवणा नाय. चाय घेतलंस?"