माया

रास्ता पेठेत आमचं दुकान, म्हणजे एक मशीन, एक टेबल
आणि आण्णांच्या गळ्यातली टेप.
तिचा पहिला इंच केव्हाच झिजून गेलेला.
आण्णा दुसऱ्यापासून मोजत, मनात एक वजा करत,
चाळीस वर्षं, न चुकता.
पहिल्या पगारातून मी नवी टेप आणली.
"हिची खोड अजून कळायचीय," म्हणाले
आणि खिळ्याला अडकवून ठेवली.

मी पाषाणला मोजते.
कर्बवायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल,
एवढा एकच प्रश्न, अकरा वर्षं.
दोनशे ऐंशीचे पाचशे साठ.
मधे कुठेतरी आपण, चारशे वीस ओलांडून,
आणि यंत्रं तापू नयेत म्हणून खोलीत अठरा अंश.
भर मेमध्ये माझ्या खुर्चीवर शाल असते.

उत्तर येतं: अडीच ते चार.
आमचंच एखादं प्रारूप मधेच पाच म्हणतं,
मग आम्ही त्याच्याकडे बघतो,
पंगतीत भलतंच बोललेल्या पाहुण्याकडे बघावं तसं.
भांडण सगळं ढगांचं.
समुद्रावरचे ते बुटके, पांढरे, आळशी ढग
ऊन आल्या वाटेनं परत धाडतात.
पाणी तापल्यावर ते विरतील का,
विरले तर किती,
यात माझी सहा वर्षं गेली.
दुपारी वेताळ टेकडीवर एखादा येऊन थांबतो
तेव्हा डबा उघडा टाकून मी त्याला विचारते.
तो काही या कामातला नाही. तरी विचारते.

परवा महापालिकेतून भोंगळे आले.
ओढ्यावर मोरी बांधायचीय, पाइप केवढा घेऊ?
माझ्या आकड्यापासून त्यांच्या पाइपापर्यंत
फार लांबचा, खड्ड्याखड्ड्यांचा रस्ता आहे, हे मी सांगितलं.
पट्टा दाखवला. खालची कड, वरची कड, मधला फुगवटा.
"मॅडम, टेंडरात पट्टा लिहिता येत नाही.
एक आकडा द्या."
मी तीन म्हटलं.
त्यांनी वहीत तीन लिहिलं
आणि खाली दोन रेघा मारल्या.

संध्याकाळी दुकानात एक बाई, सोबत तिचा मुलगा.
जूनमध्ये शिवलेली शाळेची पँट
दिवाळीलाच घोट्याच्या वर गेलेली.
आण्णा त्याच्या पायाशी बसले, दुमड चाचपली.
"माया सोडलीय मी. घाबरू नका."
मग टाके उसवता उसवता, मला की तिला, कोण जाणे:
"पोर किती वाढणार, ते कुणाला ठाऊक?
वाढणार, एवढं ठाऊक.
कापताना जास्तीच्या बाजूनं विचार करायचा.
कमी वाढलं तर आत दुमडता येतं.
जास्त वाढलं आणि आत कापडच नसलं, तर..."
कात्री टेबलावर ठेवली.
वाक्य तिथंच राहिलं.

दुमडीतून बोटभर पट्टी बाहेर आली,
पहिल्या दिवसाइतकी गडद निळी.
बाकीची पँट धुऊन धुऊन राखट.
मला बर्फातले बुडबुडे आठवले,
शेकडो वर्षांमागची हवा, घडीत राहिलेली,
तिच्यावरूनच तर दोनशे ऐंशी कळले आम्हाला.
मुलगा म्हणाला, "आजोबा, जुनी रेघ दिसणार?"
"दिसणार. जात नाही ती."

मी पायरीवर येऊन भोंगळेंना फोन लावला.
तीन खोडू नका म्हटलं,
पण पुढे जागा सोडा.
"किती सोडू?"
आत मशीन सुरू झालं होतं.
मी चार म्हणणार होते.
साडेचार म्हणाले,
आणि पलीकडे बराच वेळ
पेनाचा आवाज आला नाही.