छाट

प्रश्न क्रमांक सात :
घरापासून रेल्वे स्टेशनला पोहोचायला किती वेळ लागतो?
(मिनिटांत लिहा.)

कुंभारीच्या विडी घरकुलात, दुपारी तीनला,
पत्र्याखाली,
मांडीवरचं सूप न हलवता
राजव्वा चिलवेरी म्हणाली, पाच कट्टे.

मी पेन थांबवलं.
मिनिटं सांगा ना, मावशी.

तिनं पान कापलं, तंबाखू भरली, दोरा आवळला,
टोक नखानं मुडपलं, मग मान वर केली.
कट्टा म्हंजे पंचवीस विड्या.
बसची वाट बघण्यात दोन जातात.
बसमधी दोन.
उतरून स्टेशनात शिरंपर्यंत एक.
झाले की न्हाई पाच?
आन् परत यायचे पाच येगळे.
ते हाय का तुझ्या कागदात?

नव्हते.
आमचा कागद एकाच दिशेनं जातो.

शेजारच्या खोलीतून सून ओरडली, माझे सात लिवा,
माझा हात चलाख हाय.

संध्याकाळी केगावला, विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत,
मी कट्ट्यांची मिनिटं करू लागले.
राजव्वाचा कट्टा वीस मिनिटांचा, डोळ्यांत फूल पडलंय म्हणून.
सुनेचा चौदाचा.
एकच घरकुल, एकच बस, एकच स्टेशन,
आणि नकाशावर मला एकच टिंब ठेवायचं होतं.

नकाशा छान झालाय खरं तर.
स्टेशनभोवती हिरवं, मग पिवळं, मग नारिंगी.
रेल्वे लाइन्स, मुरारजी पेठ : सुगम.
एमआयडीसीच्या पलीकडे रंग संपतो,
तिथं संगणक पांढरं सोडतो
आणि खाली सूचीत पांढऱ्याचा अर्थ लिहीत नाही.

माझे वडील होटगीकडच्या फाटकावर होते, सव्वीस वर्षं.
त्यांच्या वहीत प्रत्येक गाडीची वेळ मिनिटाला मिनिट.
फाटक पडल्यावर दोन्ही बाजूंना
सायकली, उसाच्या गाड्या, एकदा एक बाळंतीण,
त्यांच्यासाठी रकाना नव्हता.
मी लहानपणी विचारलं होतं, यांचं कुठं लिहायचं?
ते म्हणाले, रेल्वेची वही आहे ही, रेल्वेचंच लिहायचं.
बाळंतिणीचं मात्र ते जेवताना सांगायचे.
पुष्कळदा.

हंचाटे सरांनी तक्ता वर-खाली पाहिला.
सदतीस नोंदी विसंगत आहेत, काढून टाक.
सर, त्या बायका खरं सांगताहेत.
खरं-खोटं नाही ग, एकक नाही त्यांना.
सर वाईट नाहीत.
चहा त्यांनीच मागवला, बिस्किटं मला पुढं केली.

मी काढल्या.
काढताना एक शब्द जिभेवर होता, राजव्वाचाच.
कारखान्यात विड्या मोजून घेतात तेव्हा
चेकर मूठभर बाजूला टाकतो,
ही सैल, ही वाकडी. त्याला छाट म्हणतात.
छाटीचे पैसे मिळत नाहीत.
मग त्या परत देतात का तुम्हाला? मी विचारलं होतं.
ती इतकी हसली की सुपातली तंबाखू सांडली.
परत? त्याबी इकतोच की त्यो.

काल नव्या पेठेत बाइंडिंगला प्रबंध दिला.
पाच प्रती, काळं कापड, सोनेरी अक्षरं.
तो पानं ठोकून सारखी करत होता
तेव्हा चौथं पान उलटं दिसलं मला :
एकूण नमुना, तीनशे चाळीस कुटुंबं.
तीनशे चाळीस.
सदतीस धरून.

मी म्हणाले, हे एक पान काढता येईल का?
त्यानं दाभण दातांत धरलं,
पुठ्ठा किंचित उचकून पाहिला.
आता?
आता एक काढायचं तर
सगळंच उसवावं लागंल, ताई.