टाळू

सेलिकाचं छत आतून सुटलं तेव्हा
मला आधी आठवली दस्तूरसाहेबांची वरची कवळी.
तीही अशीच मधोमध पोट सोडून लोंबायची
आणि त्यांच्यापेक्षा अर्धा सेकंद उशिरा बोलायची.

गाडी त्यांचीच. नव्वद सालची, दोन दारांची, लाल,
म्हणजे एके काळी लाल,
सिंगापूरहून बोटीनं आलेली.
गुडघ्यांनी नकार दिला तशी मला विकली.
कॅम्पातल्या गॅरेजमधून काढताना एकच अट:
हॉर्न बदलायचा नाही.
छताबद्दल चकार शब्द नाही.
छताला एकोणतीस टाचण्या होत्या, मी मोजल्या,
रंगीत डोक्यांच्या,
कुणाच्या तरी शिवणाच्या डब्यातल्या.

नाना पेठेत मकबूल शिकलगारनं
तर्जनीनं कापड वर दाबलं, सोडलं.
भुरभुर काहीतरी माझ्या ओढणीवर पडलं,
जुन्या हळदीसारखं.
"कापड ठणठणीत आहे, मॅडम. पुठ्ठाही.
मधला स्पंज मेलाय."

हे वाक्य लिहून ठेवावंसं वाटलं,
पण हाताशी फक्त पार्किंगची पावती होती
आणि तिच्या मागे आधीच कुणाचातरी दाढेचा हिशेब.

आतला दिवा, हँडलं, झडपा, रबरी पट्टी,
सगळं निघालं. स्क्रू श्रीखंडाच्या डब्यात.
टाचण्या मी वेगळ्या घेतल्या, का कोण जाणे.
मग पुठ्ठा मागच्या दारातून, तिरका, जपून,
मी मापाचा ट्रे तोंडातून काढते तसा.
नाकानं श्वास घ्या,
असं जवळजवळ गाडीलाच म्हणाले.
तरी संदेशचं कोपर लागलं
आणि पुढे, डाव्या कोपऱ्यात, एक घडी पडली.
मकबूलनं माझ्याकडे बघून शिवी गिळली.

तारेच्या ब्रशनं तासभर खरवडणं.
नाकाला रुमाल, भुवया पिवळ्या.
"घाई केली की महिन्यात परत याल."
मला नका शिकवू, मनात म्हटलं,
मीही रोज हेच करते:
खरवडा, पुसा, कोरडं करा,
लाळेचा एक थेंब आणि सगळं चिकटवणं फुकट.

पुठ्ठ्याच्या पाठीवर पेन्सिलीनं जपानी अक्षरं,
कुणाच्यातरी एका सकाळची.
संदेशनं त्यांवरून बोट फिरवलं
आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं, तारीख,
मोबाइल नंबरसुद्धा.

डिंकाचे दोन हात. दहा मिनिटं थांबायचं,
बोटाला लागेल, पण बोटाबरोबर येणार नाही,
इतकं.
मग राखाडी कापड, मधून कडेकडे,
तळहातानं.
त्या वेळी मकबूल कुणाशीच बोलत नव्हता.
मीही बोलत नाही त्या वेळी.

रविवारी साहेबांना बसवलं शेजारच्या सीटवर:
आधी काठी, मग एक पाय, मग बराच वेळ काही नाही,
मग ते.
सवयीनं मान वाकवली
आणि वाकवलेलीच ठेवली,
ईस्ट स्ट्रीट, गोळीबार मैदान,
पार लुल्लानगरच्या चढापर्यंत.
"वर जागा आहे आता," मी म्हटलं.
"काच खाली केली की केसांवरून फिरायची."
"कोण?"
"छत, डॉक्टर. दुसरं कोण?"

केस म्हणजे तसे चारच.

मग त्यांचा हात वर गेला, चाचपत,
आणि नेमका त्या घडीवर थांबला,
जीभ तुटक्या दाताशी जाते तसा.
टाचण्यांची डबी त्यांच्या गुडघ्यासमोरच्या कप्प्यात होती.
सांगावं की नाही, ठरत नव्हतं.
सिग्नल हिरवा झालेला. मागे रिक्षावाले ओरडत होते.
मी हॉर्न दिला,
पुढे कुणीच नसताना.