डाव्या मागच्या कोपऱ्यातला डाख

नईमने पंधरा दिवसांसाठी दिलीय चासी,
बिस्किटांच्या डब्यात, अब्बांच्या जुन्या लुंगीत गुंडाळून.
"मोजा चाचा, फोटो काढा, पण खोलू नका."
नांदेडपासून पूर्णेपर्यंत डबा मांडीवर.
चहा आला तरी खाली ठेवला नाही.

आता टेबलावर पांढरा कागद, कागदावर ती,
तळहाताएवढी.
मधोमध पितळी पट्टी, दोन्हीकडे
सायकलच्या स्पोकांचे तीन-तीन पदर,
पुढे खाचेत उतरणारी खुंटी,
खुंटीच्या अंगाला तांब्याच्या दोन वेण्या,
काळ्या पडलेल्या.
मोटरीसकट एकशे बारा ग्रॅम.

चौऱ्याहत्तर साल. रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल.
बॅडमिंटनची जाळी गुंडाळून मांडलेला आठ खाचांचा लाकडी ट्रॅक,
डब्यांतल्या दिव्यांच्या बॅटऱ्यांवर चालणारा.
सिकंदराबादच्या साहेबांची पोरं
खोक्यातल्या विलायती गाड्या घेऊन आलेली,
आणि आमच्या लोको शेडचे फिटर रहीमुद्दीन
घेऊन आले ही.
वर एक्स-रेच्या फिल्मचं कवच,
कवचावर कुणाच्या तरी बरगड्या.
लोक हसले.
तिसऱ्या वळणापर्यंत.

मी स्पोका आणल्या वसमतच्या भंगारातून,
आजच्यांची जाडी जमत नाही.
पट्टी कापली, कानशीने घासली,
व्हर्नियर लावला, पुन्हा घासली.
मागचा आस बसवायला दोन रात्री गेल्या.
तार तापली की सरकते, गार झाली की रुसते,
तिला लाकडी साच्यात खिळ्यांनी धरून ठेवायचं
आणि आपण श्वास धरायचा.
राळेचा धूर डोळ्यांत.
बायको म्हणाली, देवघरात एवढा ऊद जाळला असता तर.

एकवीस जोड. वीस जमले.
एकविसावा, डाव्या मागच्या कोपऱ्यातला,
मुळात एक ओबडधोबड गोळा आहे,
चिंचोक्यासारखा, एका बाजूला ओघळलेला.
तो माझा.

फायनलच्या आदल्या रात्री तिथली तार निसटली.
त्यांचा उजवा हात वाफेने भाजलेला, पट्टीत.
शेजारी उभा मी, नऊ वर्षांचा,
नाकातलं पाणी बाहीला पुसत.
त्यांनी कय्या माझ्या हातात दिला.
"हल्लू, किशन्या, हल्लू.
कथील कू बुला नक्को, वो खुद आता."
मी बोलावलंच.
ते बघत राहिले त्या गोळ्याकडे,
मग म्हणाले, "पक्का है. चलता."

आणि चालली.
कप नईमच्या घरी आहे, एक कान तुटलेला.

त्यानंतर सिग्नल खात्यात चौतीस वर्षं.
हजारो जोड दिले असतील मी, पावसात, खांबावर,
रात्रीच्या मालगाडीआधी,
सगळे चकचकीत, आरशासारखे.
आता तो गोळा काही येत नाही.
पहिला फार गोल झाला. दुसरा फार सपाट.
डाव्या हाताने केला, तोही नीटच.
डोळे मिटून केला, बोट भाजलं, जोड सुरेख.
सातव्यांदा कथील उतरवलं
आणि तसाच बसून राहिलो.

शेजारच्या सोनकांबळ्यांची उत्पला आली,
तिसरीतली, खेळण्यातलं माकड वाजत नाही म्हणून.
माकड बाजूला ठेवलं.
"हे धर. इथून नाही, लाकडाला धर.
तार आधी तापू दे. कथिलाला बोलावू नको."
तिने जीभ बाहेर काढली, एक डोळा बारीक केला,
आणि बोलावलंच.

गोळा पडला. चिंचोका नव्हता तो,
शेंगदाणा होता, उजवीकडे ओघळलेला.
ती म्हणाली, चुकलं का?
मी तार हलवून पाहिली. हलली नाही.
"पक्का है," मी म्हणालो. "चलता."

ती गेल्यावर काट्यावर ठेवली.
एकशे तेरा ग्रॅम.
कानस हातात होती.
मग माकडाचा सेल उघडला,
आत गंज होता.