अस्तर

डॉक्टर म्हणाल्या, पिशवीचं अस्तर जाड झालंय.
मला हसूच आलं.
तेवीस वर्षं धनकवडीत ब्लाउज शिवतेय,
अस्तर जाड पडलं की काय होतं
ते मला नको सांगायला.
काखेत चोळा होतो, टाका बसत नाही,
गिऱ्हाईक परत येतं.

आता परत आलेलं गिऱ्हाईक मीच.
महिन्यातले सोळा दिवस अंगावर जातंय,
हिमोग्लोबिन सात,
गाठी तीन, एक मोसंबीएवढी.
गोळ्या झाल्या, क्युरेटिंग झालं.

तस्नीम मॅडमनी चिठ्ठ्यांचं पॅड उलटं केलं
आणि पाठकोऱ्या बाजूवर काढला
एक उलटा पेरू, देठ खाली.
दोन्हीकडे दोन नाड्या,
नाड्यांच्या टोकाला लटकनं.
(त्या अंडाशयं म्हणाल्या.)

वरचा भाग काढून तोंड ठेवायचं, ही एक तऱ्हा.
तोंडासकट सगळी, ही दुसरी.
आजूबाजूचंही काढतात, पण ते कॅन्सर असला तर;
तुमचा रिपोर्ट तसा नाही.
आणि लटकनांचा हिशेब वेगळा.
तुम्ही त्रेचाळीसच्या, चांगली असतील तर ठेवू.
ती काढली की पाळी नुसती थांबत नाही,
म्हातारपण एका रात्रीत दाराशी येतं,
वाफा, घाम, हाडं ठिसूळ.

मग रस्ता. पोटावर आडवा काप,
किंवा खालून, बाहेर एक टाका न दिसता,
किंवा दुर्बिणीने, तीन-चार काजांतून.
काज हा शब्द माझा. त्यांनाही आवडला.
म्हटलं, मोसंबी काजातून निघेल कशी?
म्हणाल्या, आतच एका पिशवीत भरायची, मग तुकडे.
पिशवीला पिशवी!
घरी बसमध्ये एकटीच हसत होते,
स्वारगेट आलं तेव्हा कळलं, डोळे पुसतेय.

दुकानात मथुरा होती, हुकं लावत.
गेवराईकडची. तिची अठ्ठाविसाव्या वर्षीच काढलेली,
दिवाळीच्या आत, उसावर निघायच्या आधी.
पुढं कॅन्सर होईल म्हणाले.
बिल मुकादमाच्या उचलीतून वळतं झालं.
फाईल कुणी दिली नाही, तिने मागितली नाही.

तिने कागद दिव्याखाली धरला.
सुई पदराला टोचून ठेवली.
"आस्सं असतंय व्हय हे?"
बराच वेळ बघत राहिली.
"ताई, ह्यातलं माझं कोणतं केलं असंल?"
मग बोट एका लटकनावर.
"आन् ही? ही ठिवली असतील का?"

मला डिसेंबर आठवले, एकामागून एक.
शटर अर्धं ओढून आम्ही स्वेटरात,
आणि मथुरा पंख्याखाली, मानेवर घाम.
तीसचीसुद्धा नव्हती तेव्हा.
मी ओरडायची, बंद कर गं, गिऱ्हाईक गारठतंय.

बोलले नाही काही.
मंगळवारी माझ्याबरोबर चल, एवढंच म्हटलं,
सोनोग्राफीत दिसेल.

तिने अस्तराची एक चिंधी पसरली,
खडू घेतला, कागद बघून गिरवू लागली
पेरू, देठ, डावी नाडी, उजवी नाडी.
टोकाशी येऊन खडू थांबला.
"ही दोन," म्हणाली,
"विचारून मग काढीन."