शुक्रवारचा वर्ग, महबुला

जुम्म्याची नमाज झाली की ते येतात,
केस ओले, हातात चपला,
मेसच्या लांब बाकांवर दाटीवाटीने बसतात.
सुरमईच्या कालवणाचा वास अजून भिंतींना.
प्रोजेक्टर मी घरून आणते, चादर त्यांची.

एकोणीस वर्षं मी हेच करते आहे,
माणूस पैशाशी असा का वागतो, याचा हिशेब.
बँकेतली नोकरी, परिषदांतली भाषणं, दोन शोधनिबंध,
त्यातला एक सूक-अल-मनाखवर.
मनाख म्हणजे उंट बसवायची जागा.
तिथे ब्याऐंशी साली, पुढच्या तारखांच्या चेकांवर
माणसं श्रीमंत होऊन बसली होती,
मग उठता येईना.
निबंधाचं कौतुक झालं.
मला मात्र तेव्हापासून वाटत आलंय
की आपण उंटावरूनच शेळ्या हाकतोय.

म्हणून हे शुक्रवार.

आज चादरीवर ती वक्ररेषा आहे
जी मी झोपेतही काढीन.
उजवीकडे नफा, रेषा रेंगाळत चढते.
डावीकडे तोटा, धाडकन खाली.
शंभर दिनार मिळाल्याचा आनंद
शंभर गेल्याच्या दुःखाला पुरत नाही,
दुप्पट लागतो, कधी त्याहून जास्त.
हे सांगायला मी तोंड उघडणार
तोच क्रेनवाले इब्राहिम सारंग म्हणाले,
"ही तर आमची दाभोळची खाडी!
हिकडं पुळण, तिकडं घळ. पाय घसरला की गेला."

सारंगांचे पैसे सागाच्या झाडांत आहेत.
अकरा वर्षं, महिन्याला वीस दिनार,
गुळगुळीत कागदावर झाड नंबर चारशे बारा.
झाड कुणी पाहिलेलं नाही.
एजंट फोन उचलतो
तो फक्त हप्त्याच्या आठवड्यात.
"आता थांबलो, तर आधीचे बुडाले म्हणायचं ना?"

पाठ्यपुस्तकात याला चाळीस पानं आहेत.
मराठीत तीन शब्द:
बुडत्याचा पाय खोलात.
मी म्हणाले तसे सगळे हसले.
सारंगही हसले, जरा उशिरा.

मग विचारलं, अगदी साधेपणाने,
"मॅडम, तुमचे कुठं अडकलेत?"

उत्तर तयार असतं माझ्याकडे,
इतके सोन्यात, इतके ठेवीत, इतके फंडात,
शंभरातून वय वजा करून वगैरे.
ओठांवर आलं ते भलतंच वाक्य:
आणखी दोनच वर्षं.
आल्या दिवसापासून म्हणते आहे.
आईला, ती फोनवर ऐकू शकत होती तोवर.
मुलाला, तो इथून शिकायला गेला तेव्हा.
साताऱ्याच्या बंद फ्लॅटचे नळ
महिन्यातून एकदा सोडून
गंजाचं पाणी वाहून जाऊ देणाऱ्या शेजारणीला.
गुंतवणूक या शब्दात गुंतणं आहे,
हे मी कधी कुठल्या स्लाइडवर टाकलं नाही.

"सोन्यात," मी म्हणाले. "थोडे ठेवीत."
त्यांनी वहीत लिहून घेतलं.

प्रोजेक्टर गाडीपर्यंत सारंगच घेऊन आले.
वारा वाळूसकट, डोळे बारीक करून बोलावं लागत होतं.
"या महिन्याचा नाय देत," म्हणाले,
डिकी लावली, दोनदा दाबून पाहिली,
"पुढचा बघू."

सोमवारी माझा इकामा नवा करायचा आहे.
अर्जात विचारतात,
किती वर्षांसाठी.