उतरंड

ऑक्टोबरात शिंचूचा वारा असा सुटतो
की स्कूटरवाले सिग्नलला दोन्ही पाय रोवून थांबतात.
मी नवव्या मजल्यावर, न उघडणाऱ्या काचेआड,
एका चिपची उतरंड उकलत बसलेले.
अकरा वर्षांत पाच पिढ्या झाल्या तिच्या.
फक्त ही उतरंड उलटी:
गाडगं मडक्याच्या पोटात, बोळकं गाडग्याच्या,
आणि सगळ्यात आत, अंधारात, एक साधी बेरीज.

लेआउटवाला ये वेइ-हान सकाळीच येऊन गेला.
मेमरी ईशान्येला, तिचा कारभारी नैऋत्येला,
तारांचा नुसता द्राविडी प्राणायाम.
कारभाऱ्याला उचल, म्हणाला,
मेमरीशेजारी नेऊन बसव. शुक्रवारपर्यंत.

त्या दोघांच्या मध्ये एक डबा होता.
उघडून पाहिला. आत काही नाही,
ना बेरीज, ना साठवण, ना एखादा फ्लॉप.
इकडून सहाशे बारा सिग्नल आत,
तिकडून तेच सहाशे बारा बाहेर,
नावं तेवढी बदललेली,
सासरी गेल्यासारखी.

फान आणि त्सेंग यांचं बोलणं नव्हतं तेव्हा,
चुंग बाई चहा फुंकत म्हणाल्या.
फानची मेमरी, त्सेंगचा कारभारी,
नावं कुणाची ठेवायची यावरून बिनसलं.
साहेबांनी मग मध्ये हा डबा घातला.

म्हणजे हा बांध सिलिकॉनने मागितला नव्हता.
भाऊबंदकी होती ती,
पाच पिढ्या निगुतीने कॉपी केलेली.

टूलला मी सतरा ओळींत सांगितलं
कोणाला कुठून काढायचं, कोणाच्या पोटात ठेवायचं,
कोणती भिंत पाडायची.
चार मिनिटं लागली.
मी नवी होते तेव्हा हेच हाताने करायचो,
तीन आठवडे, डोळ्यांत तेल घालून,
आणि तरी एखादी तार लोंबकळत राहायचीच.
आता मधलं मडकं काढलं
आणि एकही कलंडलं नाही.

रात्रभर तपासणी चालली,
जुनं शेजारी नवं, फ्लॉपला फ्लॉप लावून.
पहाटे पडद्यावर एकच शब्द:
समान.

डब्याबरोबर एक टिप्पणीही गेली.
टूल टिप्पण्या वाचत नाही, मी वाचली होती:
‘त्सेंग, तुझा सिग्नल एक ठोका उशिरा येतो.
चूक माझी नाही. पण मी थांबतो. फान.’

रविवारी शिनपूला गेले.
फान आता घरचे पर्सिमॉन वाळवतो,
बांबूच्या सुपांवर, ओळीने, सोललेले.
तुमचा डबा काढला, मी म्हटलं.
त्याने मान वर केली नाही.
तारा किती वाचल्या?
निम्म्याहून जास्त.
हं.
सूप वाऱ्याकडे फिरवलं, परत थोडं फिरवलं.
आणि तो ठोका?
तो आहे तसाच. तुमची मेमरी अजून थांबते.

यावर काही बोलला नाही.
एक फळ उचललं, अंगठ्याने हलकं चेपलं,
माझ्या तळहातावर ठेवलं.
मी तोंडाशी नेणार तेवढ्यात म्हणाला,
आत तुरट असेल अजून.
मंगळवारपर्यंत थांब.